संगणकाची डिस्क मंदावली, तर आधी काय करावे?

संगणकावरील जो खेळ पूर्वी अर्ध्या मिनिटात सुरू होत असे, त्याचे पहिले दृश्य दिसायला आता दोन-तीन मिनिटे लागतात. खेळ रंगात आला असताना चित्र क्षणभर थिजते. नवा खेळ उतरवून घेताना सुरुवातीचा वेग एकाएकी कोसळतो. अशी तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या ग्राहकाला अनेकदा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे डिस्क बदलण्याचा. हा सल्ला काही वेळा योग्य असतो, तर काही वेळा पूर्णपणे अनाठायी. डिस्क मंदावणे हा स्वतः आजार नसून तापासारखे लक्षण आहे. त्यामागील कारण न शोधता केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

प्रश्न केवळ खेळाचाही नाही. अनेक कुटुंबांत मुलांच्या आग्रहाखातर घेतलेला हा संगणकच घरातील एकमेव संगणक असतो. मोबाइलमधून उतरवलेली छायाचित्रे, प्राप्तिकराची कागदपत्रे, मुलांचे महाविद्यालयीन प्रकल्प हे सारे त्याच डिस्कवर साठवलेले असते. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. जुनी छायाचित्रे पुन्हा मिळत नाहीत. शिवाय, २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिपांचे दर वाढले. त्यामुळे डिस्क खरोखरच निकामी होत आहे की अन्य कारणाने मंदावली आहे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

दोन प्रकारच्या डिस्क

सध्या संगणकात माहिती साठवण्यासाठी मुख्यतः दोन प्रकारची साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे पारंपरिक हार्ड डिस्क. तिच्यातील चुंबकीय तबकड्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि माहिती वाचणारा दांडा त्यांच्यावरून सरकतो. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजेच हवी असलेली माहिती दांड्याखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वाट पाहावी लागते. दांडा सरकण्याचा वेळ वेगळाच. परिणामी विखुरलेल्या लहान-लहान फायली वाचताना ही डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास कामे उरकू शकते.

दुसरे साधन म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह अर्थात एसएसडी. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. १९८०च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर ती आधारलेली आहे. माहिती शोधायला तिला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. साटा या जोडणीवरील एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती वाचते. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा वेग पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५००, तर चौथ्या पिढीत सुमारे ७,००० मेगाबाइटपर्यंत जातो.

आपल्या संगणकात यांपैकी कोणती डिस्क आहे, हे प्रथम जाणून घ्यावे. दोन्हींच्या मंदावण्याची कारणे वेगळी असतात आणि एकीवरील उपाय दुसरीला अपायकारक ठरू शकतो.

पहिले पाऊल : महत्त्वाच्या माहितीची प्रत

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी अत्यावश्यक फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर वा इंटरनेटवरील साठवण सेवेवर घ्यावी. डिस्क अखेरच्या अवस्थेत असेल, तर तासन्‌तास चालणारी चाचणी तिच्यावर अधिक ताण टाकते. अशा वेळी दुरुस्तीच्या हेतूने केलेली कृतीच माहिती गमावण्यास कारणीभूत होऊ शकते.

प्रत घेतानाही क्रम ठरवावा. कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे आणि स्वतः तयार केलेले काम आधी घ्यावे. खेळांच्या फायली वगळण्यास हरकत नाही. मात्र खेळातील प्रगतीच्या नोंदी अनेकदा ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘अॅपडेटा’ या फोल्डरमध्ये असतात. काही खेळांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जमा होतात, काहींच्या होत नाहीत. त्यामुळे त्यांचीही प्रत घेणे इष्ट.

दोष डिस्कचाच आहे का?

खेळ अडखळतो म्हणून डिस्कच दोषी आहे, असे गृहीत धरू नये. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा, तापलेला प्रोसेसर किंवा अपुरी रॅम यांमुळेही खेळ अडखळतो. रॅम कमी पडू लागली की विंडोज तिच्यातील काही माहिती डिस्कवर हलवते. मग डिस्क सतत व्यग्र दिसते, पण मूळ उणीव रॅमची असते.

हे पडताळण्यासाठी विंडोजमधील टास्क मॅनेजर उपयोगी पडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास तो उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या विभागात डिस्क किती टक्के वेळ कामात आहे आणि प्रत्यक्ष किती मेगाबाइट माहितीची देवाणघेवाण होत आहे, हे दोन आकडे दिसतात. डिस्क १०० टक्के व्यग्र आणि वेग शेकडो मेगाबाइट असेल, तर ती आपले काम करीत आहे. डिस्क १०० टक्के व्यग्र असूनही वेग जेमतेम एक-दोन मेगाबाइट असेल, तर एक तर ती विखुरलेल्या लहान फायली वाचत आहे किंवा तिच्यात बिघाड आहे. हार्ड डिस्कच्या बाबतीत पहिली शक्यता, तर एसएसडीच्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक धरावी.

त्याच खिडकीत कोणता प्रोग्रॅम डिस्क वापरीत आहे, हेही पाहावे. विषाणूरोधक प्रणालीची तपासणी, विंडोजचे अद्ययावतीकरण, शोधसूची तयार होणे किंवा पार्श्वभूमीवर दुसराच खेळ उतरत असणे ही कारणे वारंवार आढळतात. अशा वेळी ते काम पूर्ण होऊ देणे किंवा त्याची वेळ बदलणे एवढाच उपाय पुरतो.

डिस्कच्या प्रकृतीची नोंद

आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असे म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमद्वारे ती पाहता येते. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील साठवणविषयक विभागातही एनव्हीएमई डिस्कचे तापमान आणि उरलेले आयुष्य दाखवले जाते.

हार्ड डिस्कच्या नोंदीतील तीन आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. खराब झाल्याने वगळलेले भाग, वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेले भाग आणि दुरुस्त न झालेल्या त्रुटी, असे हे तीन आकडे होत. ते शून्य असणे अपेक्षित असते. ते दिवसागणिक वाढत असतील, तर डिस्क बदलण्याची वेळ आली, असे समजावे. एसएसडीच्या नोंदीत वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी, शिल्लक राखीव जागा आणि माध्यमातील त्रुटी हे आकडे पाहावेत.

मात्र नोंद स्वच्छ असणे म्हणजे डिस्क सुरक्षित असणे नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत चार प्रमुख धोकासूचक आकड्यांपैकी एकही वाढलेला नव्हता. त्याच अभ्यासात असेही आढळले की, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. म्हणजेच इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा. इशारा मिळाला नाही म्हणून प्रत घेणे टाळू नये.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, फायली उघडताना संगणक गोठणे किंवा डिस्क अधूनमधून नाहीशी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसल्यास चाचण्या थांबवाव्यात आणि आधी माहिती वाचवावी.

जागा संपली की वेग घटतो

डिस्क निरोगी असूनही मंद असेल, तर प्रथम तिच्यातील मोकळी जागा पाहावी. आज अनेक मोठे खेळ प्रत्येकी १०० गिगाबाइटहून अधिक जागा व्यापतात. ५०० गिगाबाइटची डिस्क त्यामुळे चार-पाच खेळांतच भरते.

एसएसडी भरत आली की ती मंदावते, यामागे तिची रचना आहे. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या माहितीवर थेट नवी माहिती लिहिता येत नाही. माहिती लहान पृष्ठांमध्ये लिहिली जाते, परंतु पुसताना अनेक पृष्ठांचा संपूर्ण गट एकदम पुसावा लागतो. मोकळे गट शिल्लक नसतील, तर प्रत्येक लेखनापूर्वी उपयुक्त पृष्ठे दुसरीकडे हलवून जुना गट पुसण्याचे काम करावे लागते.

आणखी एक कारण असे की, आजच्या बहुतेक एसएसडी एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात. ही पद्धत स्वस्त, पण लेखनाला संथ असते. म्हणून मोकळ्या जागेचा काही भाग एका पेशीत एकच बिट या जलद पद्धतीने तात्पुरता वापरला जातो. मोठा खेळ उतरवताना हा जलद भाग भरला की वेग एकदम खाली येतो. चार बिटांच्या स्वस्त एसएसडीत तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. हा बिघाड नव्हे. काही काळ डिस्कला विश्रांती मिळाल्यावर ती जलद भाग रिकामा करते. डिस्क जितकी भरलेली, तितका हा भाग लहान असतो. म्हणून एसएसडीत १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी.

कोणती पृष्ठे निरुपयोगी झाली, हे विंडोज डिस्कला ‘ट्रिम’ या सूचनेद्वारे कळवते. विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून ही सोय उपलब्ध आहे. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ या साधनात नियमित देखभाल सुरू आहे ना, एवढे पाहावे. हे साधन हार्ड डिस्कवर विखुरलेल्या फायलींची पुनर्रचना करते आणि एसएसडीला ट्रिमची सूचना देते. अन्य प्रोग्रॅमद्वारे एसएसडीची अशी पुनर्रचना करू नये. तिचा वेग त्याने वाढत नाही, आयुष्य मात्र घटते.

उन्हाळा आणि तापमान

नागपूर, इंदूर यांसारख्या शहरांत मे महिन्यात बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा दिवसांत बंद खोलीत तासन्‌तास चालणाऱ्या संगणकाच्या पेटीतील हवा त्याहूनही तापते. एनव्हीएमई डिस्क बऱ्याच मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाच्या खालीच बसवलेली असते. खेळ सुरू असताना कार्डाची उष्णता तिला मिळते. साधारणपणे ७० अंशांच्या पुढे गेल्यावर बऱ्याच एनव्हीएमई डिस्क स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतात.

सकाळी ठीक चालणारी डिस्क तासाभराच्या खेळानंतर मंद होत असेल आणि संगणक थंड झाल्यावर पूर्ववत होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. खेळ सुरू असतानाचे तापमान नोंदवून तो पडताळता येतो. पंख्यांवरील धूळ काढणे, संगणक भिंतीपासून दूर ठेवणे आणि डिस्कवर उष्णताशोषक धातूची पट्टी बसवणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. पट्टी आधीच असेल, तर तिच्या आतील चिकट पट्ट्यावरचे प्लास्टिकचे पातळ आवरण काढले आहे ना, हे पाहावे. ते तसेच राहिल्यास उष्णता नीट बाहेर पडत नाही.

जोडणीतील चूक

काही वेळा डिस्क उत्तम असते, पण चुकीच्या ठिकाणी जोडलेली असते. मदरबोर्डवरील एम.२ प्रकारच्या सर्व खाचा सारख्या वेगाच्या नसतात. काहींना पीसीआय एक्स्प्रेसच्या कमी वाहिन्या मिळतात, तर काही केवळ साटा डिस्कसाठी असतात. मदरबोर्डची पुस्तिका पाहून जलद डिस्क प्रोसेसरशी थेट जोडलेल्या खाचेत बसवावी.

साटा डिस्कच्या नोंदीत ‘सीआरसी’ त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. अल्प किमतीची केबल बदलून हा प्रश्न सुटतो. हा आकडा नंतरही शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला, म्हणजे उपाय लागू पडला. बाह्य डिस्क यूएसबी २.० च्या जागी जोडलेली असल्यास तिचा वेग सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपासच राहतो.

दोष प्रणालीचा असेल तर

डिस्क, केबल आणि तापमान सर्व काही ठीक असूनही वेग घटल्याची उदाहरणे आहेत. विंडोज ११ प्रसिद्ध झाल्यानंतर २०२१ मध्ये अनेक वापरकर्त्यांनी एनव्हीएमई डिस्कचा लेखनवेग निम्म्यावर आल्याची तक्रार केली. प्रत्येक लेखनाच्या वेळी प्रणाली अनावश्यक कामे करीत असल्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले आणि डिसेंबर २०२१ च्या अद्ययावतीकरणात हा दोष दूर केला. त्या काळात ज्यांनी नवी डिस्क विकत घेतली असेल, त्यांना तिचा काहीही उपयोग झाला नसता.

दुसरे उदाहरण सॅमसंगच्या ८४० इव्हो या एसएसडीचे आहे. २०१४ मध्ये असे दिसून आले की, नव्या फायली वेगाने वाचणारी ही डिस्क काही आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या फायली मात्र अतिशय संथपणे वाचते. पेशींमधील विद्युतभार काळानुसार सरकल्याने डिस्कला त्याच फायली पुनःपुन्हा वाचून पाहाव्या लागत होत्या. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये उपाय दिला; परंतु मंदी परतल्याने एप्रिल २०१५ मध्ये दुसरे फर्मवेअर द्यावे लागले. त्यात डिस्क स्वतःच जुनी माहिती वेळोवेळी नव्याने लिहून ठेवते.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. प्रणालीचे आणि डिस्कच्या फर्मवेअरचे अद्ययावतीकरण तपासल्याशिवाय खरेदीचा निर्णय घेऊ नये. आणि फर्मवेअर बदलण्यापूर्वी माहितीची प्रत घ्यावी, तसेच त्या वेळी वीज खंडित होणार नाही, याची काळजी घ्यावी.

डिस्क बदलायचीच असेल तर

वरील तपासणीनंतरही वेग सुधारला नाही किंवा नोंदीत धोक्याचे आकडे दिसले, तर डिस्क बदलणेच योग्य. मात्र खोक्यावरील वेगाच्या आकड्याला भुलू नये. तो आकडा एक मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर गेल्यास खेळ सुरू होण्याच्या वेळेत मोठा फरक पडतो. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेल्यास बहुतेक खेळांत तेवढा फरक जाणवत नाही, कारण माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते. ही मर्यादा दूर करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डायरेक्टस्टोरेज हे तंत्र खेळ तयार करणाऱ्यांना उपलब्ध करून दिले. परंतु त्याचा वापर करणारे खेळ मोजकेच आहेत.

हार्ड डिस्क घेताना तिची लेखनपद्धतीही विचारून घ्यावी. एकमेकांवर अंशतः चढवलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्क दीर्घ लेखनात फार मंदावतात. वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतील काही डिस्कमध्ये ही पद्धत वापरल्याचे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले नव्हते. २०२० मध्ये हे उघड झाल्यावर टीका झाली आणि कंपनीला अशा डिस्कची यादी जाहीर करावी लागली. तसेच अत्यल्प दरात अनेक टेराबाइट क्षमता देऊ करणाऱ्या अनोळखी नावाच्या डिस्कपासून दूर राहावे. त्यांपैकी काहींची खरी क्षमता दाखवलेल्या क्षमतेच्या अंशमात्र असते.

हमीची मुदत शिल्लक असल्यास कंपनीकडून डिस्क बदलून मिळू शकते. पण हमी डिस्कची असते, तिच्यातील माहितीची नसते. म्हणून डिस्क परत देण्यापूर्वी माहिती काढून घ्यावी आणि शक्य असल्यास कंपनीच्याच साधनाने ती पूर्णपणे पुसून टाकावी.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा : आधी माहितीची प्रत, मग टास्क मॅनेजर, मग डिस्कची नोंद, त्यानंतर मोकळी जागा, तापमान, जोडणी आणि अद्ययावतीकरण. खरेदी सर्वांत शेवटी. या क्रमातील बहुतेक पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही. ज्या पायरीला काही खर्च येतो, ती म्हणजे प्रत ठेवण्यासाठी लागणारी दुसरी डिस्क. पहिली डिस्क मंदावली नसली, तरी हा खर्च टाळण्याजोगा नाही.